ते अठरा हजार कुठं राहतात?

शनिवार सकाळ. रूममेट गावाला गेलाय, प्रॉडक्शनला कुठं आग लागलेली नाही, दुसरा चहा झालाय. तेव्हा आता न लिहायला काही सबब उरलेली नाही. हा विषय बरेच दिवस डोक्यात होता, पण दर वेळी टाळत आलो. कारण सरळ आहे, यात मी काही फार शोभून दिसत नाही.

तर, आमचा एक बँड आहे.

(नाव सांगत नाही. सांगितलं तर ही जाहिरात होईल, आणि जाहिरात करायला गेलो तेव्हा माझं काय झालं तेच तर सांगायचंय.)

आम्ही चौघे. गायक बँकेत आहे, गिटारवाला आर्किटेक्ट, ड्रमर माझ्याच कंपनीत टेस्टिंगला, आणि मी बेस वाजवतो. बेस म्हणजे ते वाद्य, जे वाजत असताना कोणाचं लक्ष नसतं आणि थांबलं की सगळे विचारतात काय बिघडलं. थोडक्यात, सर्व्हर सांभाळणारा माणूस. २०२२ साली सुरुवात केली. गाणी मराठी, आमची आम्हीच लिहिलेली. कर्वेनगरमध्ये एक बेसमेंट आहे, तिथं तासाला ४०० रुपये देऊन दर रविवारी तीन तास प्रॅक्टिस.

पहिला कार्यक्रम डिसेंबर २०२२ मध्ये, बाणेरच्या एका कॅफेत. ७० माणसं! उभं राहायला जागा नाही. माझे ऑफिसवाले, गायकाचे बँकवाले, गिटारवाल्याच्या दोन मावश्या, ड्रमरची अख्खी बिल्डिंग. टाळ्या, शिट्ट्या, वन्समोअर. रात्री दोनपर्यंत आम्ही भुर्जी-पावाच्या गाडीवर उभं राहून पुढच्या पाच वर्षांचं प्लॅनिंग केलं.

फेब्रुवारीत दुसरा कार्यक्रम. २६ माणसं.

एप्रिलमध्ये तिसरा. १२.

हाच ग्राफ ऑफिसातल्या एखाद्या ॲपचा असता तर मी मीटिंगमध्ये ठामपणे म्हणालो असतो, "लोक एकदा उघडून बघतायत आणि काढून टाकतायत. ते का, हे आधी शोधू." स्वतःच्या बँडचा ग्राफ बघून मात्र मी म्हणालो, "आपलं मार्केटिंग कमी पडतंय." आठ तास डेटाबरोबर काढणाऱ्या माणसाची अक्कल घरी आल्यावर कुठं जाते देव जाणे.

त्या काळात मला आर्क्टिक मंकीजची गोष्ट तोंडपाठ होती. इंग्लंडमधल्या शेफिल्डची चार पोरं. जानेवारी २००६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या साडेतीन लाखांहून जास्त प्रती खपल्या. तोपर्यंत तिथं कुठल्याही बँडचा पहिला अल्बम इतक्या वेगानं खपला नव्हता. जिथं वाचावं तिथं एकच लिहिलेलं, यांना इंटरनेटनं मोठं केलं. मी तेवढंच वाचलं आणि कामाला लागलो.

बोनस नुकताच जमा झाला होता. त्यातले १४,००० रुपये काढले. थोडे इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर घातले आणि उरलेल्यात सरळ फॉलोअर विकत घेतले. हो, मिळतात. हजाराच्या भावात मिळतात, कार्डानं पैसे भरले की दोन दिवसांत घरपोच. बाकीच्या तिघांना सांगितलं, "एक रील जोरात चाललं रे." तिघांनी विश्वास ठेवला. न ठेवायला त्यांना काही कारणच नव्हतं.

जून २०२३ मध्ये आमचे फॉलोअर झाले १८ हजार.

आकडा मोठा असला की फोन येतात. पुण्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या जागेच्या मालकांचा आला. त्यांनी आमची गाणी ऐकली होती की नाही माहीत नाही, आकडा नक्की बघितला होता. ऑगस्टमधला एक शनिवार ठरला. तिकीट २५० रुपये, त्यातले ६० टक्के आमचे. मालकांनी त्या रात्रीसाठी जास्तीची माणसं लावली, साउंडवाला बाहेरून बोलावला, खुर्च्या भाड्यानं आणल्या.

१४ तिकिटं गेली. त्यातली पाच आमच्याच घरची.

आम्ही वाजवलं. पूर्ण दीड तास वाजवलं. रिकाम्या हॉलमध्ये ड्रमचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि तो परत आलेला आवाज ऐकत पुढचा ठोका द्यायचा म्हणजे काय असतं ते ड्रमरलाच विचारा. संपल्यावर मी मालकांकडे गेलो. वाटलं आता झापणार. त्यांनी आम्हा चौघांना जेवायला बसवलं (पुलाव बराच उरला होता) आणि शेजारी खुर्ची ओढून शांतपणे मला म्हणाले, "एक विचारू का? ते तुमचे अठरा हजार कुठं राहतात?"

मी म्हणालो, "सगळीकडेच... म्हणजे पसरलेले आहेत."

ते फक्त "हं" म्हणाले.

पार्किंगमध्ये ड्रम गाडीत भरता भरता मी तिघांना खरं काय ते सांगून टाकलं. गिटारवाला हसला. गायक काही बोलला नाही, सिगरेट ओढत लांब जाऊन उभा राहिला. ड्रमरनं हातातला स्टँड खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे बाबांना मी जो आकडा दाखवला, तो?"

आता ही भानगड सांगायला हवी. जुलैमध्ये त्याला ऑनसाइटची संधी आली होती. श्टुटगार्ट, अठरा महिने. आयटीत असाल तर ऑनसाइट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घराचं कर्ज, बहिणीचं शिक्षण, सगळं एका फटक्यात मार्गी लागतं. त्यानं ती नाकारली. बँड आत्ता कुठं वर येतोय, आत्ता सोडून कसं जायचं, असं म्हणून. बाबांना पटेना, तेव्हा त्यानं मोबाइल काढून त्यांना आमचं पेज दाखवलं. बाबांनी हिशेबही केला होता म्हणे. बालगंधर्व साधारण हजाराचं थिएटर, म्हणजे अठरा वेळा हाउसफुल्ल. मग म्हणाले, "ठीक आहे, बघ बाबा."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर मी सांगितलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारलाय. उत्तर द्यायला अजून भीती वाटते.

श्टुटगार्टला दुसरंच कोणीतरी गेलं. ड्रमर माझ्याशी बोलेनासा झाला. एकाच मजल्यावर आमची बसायची जागा, त्यामुळे दिवसातून चार वेळा कॉफी मशीनपाशी गाठ पडायची. तो कप भरून निघून जायचा. चार-पाच महिने बँड बंद.

*

दिवाळीत मिरजेला गेलो. मिरज म्हणजे सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव, पण आमच्या घरात वाद्य एकच, आईचे टाळ. आईचं महिला भजनी मंडळ आहे. गल्लीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी. २००९ मध्ये सहा बायकांनी सुरू केलं, मी तेव्हा सातवीत होतो. आता चाळीसच्या वर बायका आहेत, आणि भजन सप्ताहाला मंडपात पाय ठेवायला जागा नसते.

इतकी वर्षं मी हे डोळ्यांनी बघत होतो आणि फॅन बेस कसा बांधायचा ते मात्र यूट्यूबवर शिकत होतो!

आईला सगळी हकीकत सांगितली. (फॉलोअर विकत घेतले हे ऐकून तिनं विचारलं, "म्हणजे भाड्यानं आणलेल्या माणसांसारखे?" म्हटलं, "ती निदान येतात तरी.") मग मी तिला विचारलं, की तुम्ही सहाच्या चाळीस कशा झालात?

आई वाती वळत होती. म्हणाली, "पहिल्या दिवशी प्रसादाला येतात रे सगळे. त्यांना मोजायचं नसतं. दुसऱ्या गुरुवारी जी येते ती आपली. ती आली की लगेच तिच्या हातात टाळ द्यायचे."

"वाजवता आले नाहीत तर?"

"चुकेल चार दिवस. पण एकदा टाळ हातात आले ना, की बाई घरी बसत नाही."

मग तिनं कपाटातून वही काढून दाखवली. दोनशे पानी, कव्हर घातलेली. त्यात प्रत्येकीचं नाव आणि फोन, आणि पुढं आईच्या अक्षरात नोंदी. 'गुडघ्याचं ऑपरेशन, जूनपर्यंत खुर्ची.' 'सून बाळंत झाली.' 'गौळण चांगली म्हणते, लाजते.' एखादी लागोपाठ दोन गुरुवार आली नाही तर कोणीतरी तिच्या घरी जाऊन येतं. ओरडायला नाही, नुसतं बघायला. मग माझ्या लक्षात आलं, की गुरुवारी रात्री घरी आल्यावर आई बाबांना कधीच 'आज इतक्या आल्या होत्या' असं सांगत नाही. ती सांगते, 'आज अमकी नव्हती.'

पुण्याला परतताना गाडीत मी आर्क्टिक मंकीजची गोष्ट पुन्हा वाचली, या वेळी पूर्ण. इंटरनेट त्यात होतंच, पण ते नंतर आलं. आधी ही पोरं शेफिल्डच्या छोट्या छोट्या कार्यक्रमांत स्वतः कॉपी केलेल्या सीडी लोकांच्या हातात फुकट ठेवत होती. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनीच ती गाणी नेटवर टाकली, मित्रांना पाठवली. म्हणजे ऐकणाऱ्याला करायला काम मिळालं. आईच्या भाषेत, टाळ मिळाले.

मग सगळीकडे टाळच दिसायला लागले. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेडनं १९७१ च्या एका अल्बमच्या कव्हरवर चाहत्यांना आवाहन केलं होतं, की तुमचं नाव-पत्ता आम्हाला कळवा. ही झाली वही. पुढे १९८४ मध्ये त्यांनी कार्यक्रमात माइक घेऊन रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांना बसायला वेगळी जागाच करून दिली. इतर बँड अशा लोकांना हाकलून देत असत. त्या टेपा हातोहात फिरल्या आणि त्यातून बँडला नवीन श्रोते मिळत गेले. किंवा इंग्लंडचा मॅरिलियन. १९९७ मध्ये त्यांनी सांगितलं, की पैसे नाहीत, अमेरिकेचा दौरा जमणार नाही. तर तिथल्या चाहत्यांनी आपसात साधारण ६० हजार डॉलर गोळा करून त्यांना बोलावून घेतलं. त्यावरून धडा घेऊन बँडनं पुढचा एक अल्बम रेकॉर्ड व्हायच्या आधीच चाहत्यांना विकला. बारा हजारांहून जास्त लोकांनी न ऐकलेल्या गाण्यांचे पैसे आधी भरले. २००१ मध्ये तो अल्बम आला. तेव्हा असल्या गोष्टीला क्राउडफंडिंग म्हणतात हे फारसं कोणाला ठाऊकही नव्हतं.

माझे १८ हजार यातलं काय करणार होते? त्यांना हातच नव्हते.

*

जानेवारी २०२४ मध्ये एका रविवारी ड्रमरच्या घरी गेलो. दार त्याच्या बाबांनी उघडलं. मी आधी त्यांनाच सांगितलं, की काका, तो आकडा खोटा होता, मी विकत घेतला होता आणि याला माहीत नव्हतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बस. चहा घे."

ड्रमर आतून सगळं ऐकत होता. पुढच्या रविवारी प्रॅक्टिसला आला. ड्रमचे स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "यापुढे आकडा मी तपासणार. टेस्टर मी आहे."

विकत घेतलेले सगळे फॉलोअर आम्ही काढून टाकले. विकत घ्यायला दहा मिनिटं लागली होती, काढायला तीन रविवार. खाली उरले ४१२. त्यांतही आमचे नातेवाईक बरेच.

मग नियम ठरवले. एक, दर महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी सात, जागा तीच. प्रॅक्टिसचं बेसमेंट. गाद्या टाकल्या की पस्तीस माणसं बसतात. तिकीट २००, चहा त्यातच. दुसरा, वही. ती ड्रमरच्या ताब्यात. आलेल्या प्रत्येकाचं नाव, कोणाबरोबर आला, कुठलं गाणं मागितलं. तिसरा नियम आईचा, पहिल्यांदा आलेल्याला मोजायचं नाही.

पहिल्या शनिवारी १९ जण आले, त्यातले १२ मित्र. त्या १९ मधले पुढच्या महिन्यात चार परत आले. चार! पण त्या चार नावांचा जेवढा आनंद झाला तेवढा १८ हजारांचा कधी झाला नव्हता, हे अगदी खरं सांगतो.

चौघांना टाळ काय द्यायचे यावर आमचं बरंच डोकं चाललं. एक कॉलेजचा मुलगा मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचा, त्याला मिक्सरमधून सरळ वायर काढून दिली. आता आमच्या सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग त्याच्याकडेच असतं. एक आजोबा शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून तक्रार करत होते, त्यांनाच गाण्यांचे कागद छापून वाटायचं काम दिलं. त्यांनी पहिल्याच महिन्यात आमच्या शुद्धलेखनाच्या नऊ चुका काढल्या. गिटार शिकणाऱ्या दोघींना कॉर्ड लिहून दिले, की घरी वाजवून बघा. सगळं जमलंच असंही नाही. एका काकांच्या हातात मी उत्साहानं खुळखुळा दिला, ते घाबरले आणि परत आलेच नाहीत. काहींना नुसतं ऐकायचंच असतं, हेही वहीत लिहून ठेवावं लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका सोसायटीच्या गणपतीत वाजवलं. आमची वेळ फॅन्सी ड्रेस आणि आरतीच्या मधली. समोर पहिल्या रांगेत एक झाशीची राणी, दोन शिवाजी महाराज आणि एक टोमॅटो. पूर्वी अशा ठिकाणी मला फार कमीपणा वाटला असता. त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर आम्ही स्टेजवरून उतरून वही घेऊन खुर्च्यांमधून फिरलो. तिथली नऊ माणसं पुढच्या शनिवारी बेसमेंटमध्ये आली. दोन महिन्यांनी त्यातली पाच टिकून होती. टोमॅटोसुद्धा, आईबरोबर.

आणि मग एका शनिवारी गायक दुसरं कडवं विसरला. पूर्ण विसरला, आम्ही तिघं तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतोय. तेवढ्यात मागच्या गादीवरून एका मुलीनं पुढचा शब्द सांगितला. मोठ्यानं सुद्धा नाही, परीक्षेत शेजारच्याला सांगतात तसा. गायकानं तो उचलला आणि गाणं पुढे गेलं. नंतर वही बघितली. निगडीहून येते, चौथी वेळ. ती आमच्यापैकी कोणाचीच मैत्रीण, बहीण, कलीग, शेजारीण, कोणीच नव्हती. आमचं गाणं आमच्याशिवाय आणखी कोणाला तरी पाठ होतं!

*

आता तुम्ही म्हणाल, यात पैसे किती? आयटीवाल्यांच्या पानावर हिशेब नको कसा?

केविन केली यांनी २००८ मध्ये 'हजार खऱ्या चाहत्यां'वर एक गाजलेला लेख लिहिला होता. वर्षाला १०० डॉलर खर्च करणारे हजार खरे चाहते असतील तर कलावंताचं पोट भरतं, असा साधा हिशेब. एकट्याचं. आम्ही चौघे, म्हणजे चार हजार लागणार. आमच्या वहीत तीन वेळा किंवा जास्त आलेली नावं आज आहेत ६३. ते सगळे दर महिन्याला आले (येत नाहीत, आणि आले तर बसवणार कुठं?) तरी वर्षाचे १,५१,२०० रुपये. प्रॅक्टिसचं भाडं वजा ६२,४००. कार्यक्रमाच्या रात्रीचं भाडं आणि चहा वजा ३६,०००. राहिले ५२,८००. भागिले चार, भागिले बारा. माणशी महिन्याला ११०० रुपये.

म्हणजे नोकरी सोडू नका.

हा हिशेब मी गेल्या महिन्यात ड्रमरसमोर कागदावर मांडला, कारण त्याला पुन्हा ऑनसाइट आलं. पुन्हा श्टुटगार्ट, पुन्हा अठरा महिने. त्यानं कॉफी मशीनपाशी मला गाठलं आणि विचारलं, "वहीत किती आहेत?" खरं तर वही त्याच्याचकडे असते. आकडा त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. तरी विचारलं.

मी म्हणालो, "त्रेसष्ट."

तो हसला. म्हणाला, "मग जातो."

मला वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. ६३ माणसांच्या जोरावर कोणी घराचं कर्ज सोडून थांबू नये, आणि या वेळी निदान तो खऱ्या आकड्याकडे बघून ठरवत होता. जाताना त्यानं वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं आणि त्यापुढे नोंद, 'अठरा महिने सुट्टी. जागा धरून ठेवणे.'

गेल्या शनिवारी त्याच्याशिवाय पहिला कार्यक्रम झाला. गिटार शिकणाऱ्या त्या दोघींपैकी एकीचा भाऊ ड्रम वाजवतो, तो बसला होता. बरा वाजवतो. दुसऱ्या गाण्यात थोडा धावला, पण शिकेल.

रात्री घरी आल्यावर आईचा फोन आला. तिला माझ्या कार्यक्रमाची तारीख बरोबर लक्षात असते. किती आले होते, हे तिनं विचारलं नाही.

"आज कोण नव्हतं रे?" म्हणाली.

मी वही उघडली आणि वाचून दाखवायला सुरुवात केली.